तबकडीच्या तुकड्यातून गाणे

श्रोतेहो, तुमच्या गावच्या पारावर संध्याकाळी दोन गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे पोरांच्या मोबाईलमधले गाणे आणि दुसरी म्हणजे त्यावर म्हाताऱ्यांची टीका. "हे काय गानं हाय काय? तेच तेच वाजते अन् पोरगं नुसतं बोलते!" असे एखादे आजोबा म्हणतात. पोरे हसतात, आवाज थोडा कमी करतात आणि पुन्हा वाढवतात.

आज आपण या भांडणाचा निवाडा करायला बसलो आहोत, असे समजू नका. पण आजोबांनी जो दोष काढला, त्याचा थोडा इतिहास पाहू या. 'तेच तेच वाजते' हा त्यांचा मुद्दा खरा आहे. ते तेच तेच का वाजते, ते कोठून आले, ते वाजवणाऱ्याने किती गोष्टी मुद्दाम सोडून दिल्या, आणि ज्याचे मूळ वाजवणे होते त्याला काय मिळाले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेपर्यंत जावे लागेल. पण निघू या आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकरहून.

मेहकरला ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत असत. आमच्या शिक्षक बंधुभगिनींना हे नाव नवीन नाही. १९०९ साली जन्मलेले हे कवी आयुष्यभर मेहकरसारख्या आडगावी राहिले. 'शीळ', 'अभिसार', 'खूणगाठी' हे त्यांचे संग्रह, आणि 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'शीळ' हा संग्रह छापून आला १९५४ साली. पण त्या नावाची कविता त्याच्या कितीतरी आधी लोकांच्या ओठांवर होती. ती तेथे पोचली कशी? पुस्तकातून नव्हे, तबकडीतून. नागपूरकडचे एक तरुण गायक गो. ना. जोशी, ज्यांना सगळे जी. एन. जोशी म्हणून ओळखतात, ही कविता गात असत. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'हिज मास्टर्स व्हॉईस' कंपनीने त्यांच्या आवाजात तिची तबकडी काढली, आणि घरोघरी ती वाजू लागली. मराठी भावगीताचा आरंभ या तबकडीपासून झाला असे पुष्कळ जाणकार मानतात. पुढे हेच जोशी त्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले आणि मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या त्यांच्या देखरेखीखाली निघाल्या.

आता ती जुनी तबकडी डोळ्यांपुढे आणा. लाखेची, काळी, हातातून पडली की फुटणारी. एका मिनिटात ७८ फेरे घ्यायची. एका बाजूला किती गाणे मावायचे? तीन, फार तर साडेतीन मिनिटे. जो गवई बैठकीत एकेक राग तास तास आळवायचा, त्याला कंपनीचा माणूस सांगायचा, बुवा, तीन मिनिटांत काय ते आटपा. शिवाय त्या काळी मुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. मध्येच चूक झाली तर तेवढाच भाग खोडून दुरुस्त करता येत नसे, सगळे गाणे पहिल्यापासून गावे लागे.

या अडचणीतून काय निपजले? सोडून देण्याची कला निपजली. भावगीतात लांब आलाप नाही, तानांची आतषबाजी नाही. वाद्ये थोडी. शब्द पुढे, सूर त्यांना हात देणारा. एक ध्रुवपद, ते पुन्हा पुन्हा येणार, आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या मनात थोडे अधिक खोल जाणार. तबकडीची जागा अपुरी होती म्हणून गाणे लहान झाले, आणि लहान झाले म्हणूनच ते गुराख्याच्या आणि मोटकऱ्याच्या तोंडी बसले.

ही गोष्ट आपल्या मातीला नवीन नव्हती. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव म्हणून परंपरेने सांगितले जाते. चोखोबांचा अभंग भजनात कसा म्हणतात ते आठवा. टाळ, मृदंग, आणि आठ मात्रांचा भजनी ठेका. बुवा एक चरण म्हणतो, मंडळी ध्रुवपद धरतात. ठेका बदलत नाही. तासभर तोच ठेका चालतो, आणि कोणालाही कंटाळा येत नाही. का येत नाही? ठेका ही जमीन आहे. जमीन स्थिर असली की तिच्यावर शब्दांना चालता येते. आपल्या विदर्भाच्या तुकडोजी महाराजांनी तर एका खंजिरीवर गावेच्या गावे जागी केली, आणि १९५५ साली जपानच्या परिषदेला गेले तेव्हाही त्यांची ओळख खंजिरीचीच होती. कातडे ताणलेले एक लाकडी कडे, त्यात चार झांजा, एवढाच वाद्यमेळ!

हे सारे ध्यानात ठेवा आणि आता माझ्याबरोबर न्यूयॉर्क शहरी चला.

तेथे ब्राँक्स नावाचा भाग आहे. १९७० च्या सुमारास हा भाग फार हलाखीत होता. मोठा रस्ता काढण्यासाठी वस्त्या पाडल्या गेल्या होत्या, कारखाने निघून गेले होते, इमारती जळत होत्या. तेथे राहणारे बहुतेक लोक काळे किंवा कॅरिबियन बेटांवरून आलेले. पोरांजवळ वाद्ये विकत घेण्याची ऐपत नव्हती. पण घरात बापाच्या, काकाच्या तबकड्या होत्या. अशाच एका घरातला, जमेका बेटावरून १९६७ साली आलेला क्लाइव्ह कँपबेल हा तरुण. लोक त्याला कूल हर्क म्हणत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत म्हणून आपल्या इमारतीच्या सभागृहात नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजवायला भाऊ होताच. हिप-हॉप म्हणून जे संगीत आज जगभर वाजते, त्याचा वाढदिवस लोक याच तारखेला साजरा करतात.

हर्कने काय पाहिले होते? त्याने गाण्याकडे पाहण्याऐवजी नाचणाऱ्यांकडे पाहिले होते. गाण्यात मध्येच अशी एक जागा येते की गायक थांबतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि एकटा ढोलवाला वाजवत राहतो. पोरे त्या जागेची वाट पाहत उभी असतात, आणि ती आली की तुटून पडतात. श्रोतेहो, हे तुम्हाला मी समजावून सांगायला हवे काय? आपल्या तमाशात लावणी थांबते आणि ढोलकी व घुंगरू यांचा सामना लागतो, तेव्हा शिट्ट्या कोठे पडतात? तेथेच ना! फरक इतकाच की आपला ढोलकीवाला समोर बसलेला असतो. लोकांना रंग आला की तो आणखी वाजवतो. तबकडीतला ढोलवाला मात्र ठरलेल्या चार-सहा सेकंदांत संपून जातो. हर्कने यावर तोड काढली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या, दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरची ती जागा संपत आली की दुसरीवरची सुरू करायची, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. पाच सेकंदांची जागा पाच मिनिटे चालू लागली. त्यावर कोणी ध्वनिक्षेपक हातात घेऊन तालात बोलू लागला, आणि त्या बोलण्याचे पुढे रॅप झाले.

हे हाताने करणे कठीण होते. पुढे यंत्र आले. ध्वनीचा तुकडा पोटात साठवून बटण दाबताच तो बाहेर काढणारे ते यंत्र. या तुकड्याला ते लोक 'सॅम्पल' म्हणतात, म्हणजे नमुना. खामगावच्या बाजारात पोत्यातून मूठभर धान्य काढून दाखवतात, तसा हा तबकडीतून काढलेला मूठभर नाद. आणि या तुकड्यांवर जो ठेका बांधतात त्याला म्हणतात 'बीट'.

१९८७ साली ई-म्यू नावाच्या कंपनीने एसपी-१२०० हे यंत्र काढले. न्यूयॉर्कच्या पोरांनी त्यावर फार काम केले. त्याच्या पोटात एकूण किती नाद मावत असे? सुमारे दहा सेकंद! त्यातही एक तुकडा अडीच सेकंदांहून मोठा घेता येत नसे. गुरुजी, येथे वर्गात घालण्याजोगे एक गणित आहे, ते घ्या. ठेक्याची गती मिनिटाला ९० ठोके धरा. एका ठोक्याला ६० भागिले ९०, म्हणजे ०.६७ सेकंद. चार ठोक्यांचे एक आवर्तन म्हणजे २.६७ सेकंद. अडीच सेकंदांत ते मावत नाही! मग काय करायचे? पोरांनी युक्ती लढवली. मिनिटाला ३३ फेरे व एक तृतीयांश अशा गतीने वाजवायची तबकडी त्यांनी ४५ फेऱ्यांच्या गतीने वाजवली. गती १.३५ पट झाली, आणि २.६७ सेकंदांचा तुकडा १.९८ सेकंदांत बसला. यंत्रात घेतल्यावर तो पुन्हा हळू करायचा. असे केल्याने नाद थोडा खरखरीत, मातकट होई. पण तीच खरखर लोकांना आवडू लागली. नव्या कोऱ्या घोंगडीपेक्षा वापरलेली घोंगडी अंगाला बरी वाटते, तसे.

मेहकरच्या कवितेला तीन मिनिटांची तबकडी मिळाली, ब्राँक्सच्या पोरांना दहा सेकंदांचे यंत्र मिळाले. दोन्हीकडे जागा अपुरी, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच, काय ठेवावे आणि काय सोडावे?

कोणी म्हणेल, दुसऱ्याचा तुकडा उचलला आणि फिरवत ठेवला, यात कसली आली कला? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. आळशी माणसाच्या हाती ते नुसते फिरवणेच राहते. पण चांगल्या कारागिराचे काम पाहा. तो जुन्या बाजारातून शेकडो तबकड्या आणतो, एकेक ऐकतो, आणि त्यातून तीन सेकंद निवडतो. शेतकरी सगळ्या रानातून बियाण्यासाठी चार कणसे निवडतो, तेव्हा त्याचे सारे ज्ञान त्या निवडीत असते. 'चार कणसे तर तोडली, त्यात काय?' असे आपण त्याला म्हणत नाही.

निवडल्यावर पुढची पायरी. तुकड्याच्या खाली ढोलाचे दोन ठोके, एक जड आणि एक कोरडा. मधे झांजेसारखी किणकिण. खर्जाची एक ओळ. बस. कारण यावर एक माणूस बोलणार आहे, आणि त्याच्या शब्दांना जागा हवी. कीर्तनात बुवा निरूपण करू लागले की मृदंगवाला काय करतो? हात आवरतो. जो आवरत नाही त्याला बुवा डोळ्यांनी दटावतात. बीट बांधणाऱ्याला स्वतःच स्वतःचा बुवा व्हावे लागते. तो आधी दहा वाद्ये घालतो आणि मग एकेक काढून पाहतो. काढल्यावर गाणे पडले तर ते परत ठेवायचे. उभे राहिले तर ते मुळात नकोच होते.

एक उदाहरण देतो. १९९० साली न्यूयॉर्कजवळच्या एका गायकमंडळीतला ट्रॉय डिक्सन हा तरुण अपघाती मरण पावला. त्याचे मित्र पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांनी १९९२ साली त्याच्या आठवणीत गाणे काढले. पीट रॉकला १९६७ च्या एका जुन्या तबकडीत टॉम स्कॉट या वादकाचा सॅक्सोफोनचा एक तुकडा सापडला होता. सनईसारखा हृदयाला भिडणारा तो स्वर त्याने घेतला, आणि गाण्यात तो पुन्हा पुन्हा येऊ दिला. त्यावर स्मूथने आपल्या घरच्या माणसांच्या आठवणी सांगितल्या. शोक मोठा होता, म्हणून वाद्ये वाढवली नाहीत. आपल्याकडेही मयताच्या घरी भजन होते तेव्हा आवाज चढवत नाहीत.

सगळेच असे साधेपणाने चालले होते असे मात्र नाही. १९८८ च्या सुमारास 'पब्लिक एनिमी' या मंडळीने एकावर एक तुकडे रचून गाणी केली. त्यांना शहराचा कोलाहलच उभा करायचा होता, आणि तो त्यांनी उत्तम उभा केला. पण पुढे १९९१ साली एक खटला गाजला. बिझ मार्की या गायकाने गिल्बर्ट ओसुलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाच्या आरंभीच चोरी करू नये ही बायबलातील आज्ञा घातली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी काढणे आणि पैसे भरणे आले. वीस तुकडे रचणे परवडेनासे झाले. तेव्हा या कलेतला साधेपणा काही अंशी आवडीतून आला, काही अंशी यंत्राच्या पोटातून आणि काही अंशी कोर्टातून, हे इतिहासाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता मी तुम्हाला या गोष्टीतला सर्वांत बोचणारा भाग सांगतो.

१९६९ साली 'द विन्स्टन्स' या मंडळीची एक तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूला 'अमेन, ब्रदर' हे गाणे होते. त्यात मधे ग्रेगरी कोलमन या ढोलवाल्याने चार आवर्तने एकट्याने वाजवली. सुमारे सहा-सात सेकंद. पुढे हा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या, जाहिराती झाल्या. कोलमनला काय मिळाले? काही नाही. २००६ साली तो विपन्नावस्थेत मरण पावला. २०१५ साली काही रसिकांनी वर्गणी केली आणि त्या मंडळीचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २४ हजारांहून अधिक पौंड दिले. पण ढोल वाजवणारा तोवर गेलेला होता.

दुसरा क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राऊन या नामवंत गायकाच्या ताफ्यात तो ढोल वाजवी. १९७० साली निघालेल्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात मालक त्याला गाता गाताच सांगतो की एकट्याची कसरत करू नकोस, जे धरले आहेस तेच धरून ठेव. त्याने तेच केले. साधा, सैलसर, पण जागचा न हलणारा ठेका! तोही असंख्य गाण्यांत गेला. तबकडीवर नाव जेम्स ब्राऊनचे, हक्क त्याचे. स्टबलफील्ड २०१७ साली वारला. ज्या तुकड्याने तो जगभर ऐकला गेला, त्याच्या कमाईचा वाटा त्याच्या हाती कधी नीट आला नाही.

श्रोतेहो, आपल्या गावच्या तमाशातला ढोलकीवाला, जागरणातला संबळवाला, लग्नातला डफडे वाजवणारा यांची नावे आपण कधी विचारली आहेत का? लावणी कोणाची हे विचारतो, ढोलकी कोणाची हे नाही. तेव्हा अमेरिकेला नावे ठेवण्यापूर्वी जरा आपल्या दारातही पाहू.

हा व्यवहार आपल्या देशाच्याही अंगाशी आला आहे. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटात लता मंगेशकर यांनी गायलेले आणि बप्पी लाहिरी यांनी स्वरबद्ध केलेले 'थोडा रेशम लगता है' हे गाणे २००२ साली एका अमेरिकन गाण्यात लांबलचक वापरले गेले, श्रेयाचा उल्लेख नसताना. २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने, लाहिरी यांचे नाव घातल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश दिला. त्याच २००२ साली एरिक सर्मन या गायकाने 'ताजमहल' या १९६३ च्या चित्रपटातील एक ओळ घेतली. ओळ आत्मघाताविषयी, आणि गायकाला तिचा अर्थच ठाऊक नव्हता. त्याने गाण्यात तसे सूचितही केले की ती काय म्हणाली असेल ते असो! आपण येथे हसतो. पण यात शिकण्यासारखे आहे. तुकडा लहान असला तरी तो कोणाच्या तरी तोंडचा शब्द असतो. साधेपणा म्हणजे अज्ञान नव्हे.

आणि ज्याने हा साधेपणा फार उंच नेला, त्याचेही नाव घेतो. डेट्रॉइट शहरचा जेम्स यान्सी, ज्याला जे डिला म्हणत. यंत्राला एक सोय असते. ठोका किंचित मागेपुढे पडला तर यंत्र तो आपोआप ओळीत आणते. डिला ती सोय अनेकदा बंद ठेवी आणि बोटांनीच वाजवी. ठोका केसभर मागे पडला तर पडू दे. मुरलेला ढोलकीवाला लय हातात धरून जरा खेळवतो ना, तसे. आजाराने शरीर थकले असताना त्याने 'डोनट्स' नावाचा संग्रह पुरा केला. ३१ छोट्या छोट्या रचना, बहुतेक दोन मिनिटांच्या आतल्या. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या ३२ व्या वाढदिवशी, तो प्रसिद्ध झाला आणि तीन दिवसांनी डिला गेला. त्याचे यंत्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेले आहे. दीनानाथांचा तानपुरा जपावा, तसे.

आता परत आपल्याकडे येऊ. मराठी तरुणही या कलेत उतरले आहेत. मुंबईच्या 'स्वदेशी' या मंडळीने २०१९ साली 'वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. त्यात आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. येथे जुन्या तबकडीतून आवाज उचललेला नाही. ज्याची जमीन, तोच गातो आणि त्याचे नाव गाण्यावर आहे. मला वाटते, कोलमनच्या गोष्टीला हे एक चांगले उत्तर आहे.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातल्या मोबाईलवेड्या पोराला नुसते रागावू नका. त्याला काम द्या. पहिले काम: बाकावर बोटांनी आठ मात्रांचा भजनी ठेका वाजव आणि मोबाईलवर मुद्रित कर. दुसरे काम: घरी जा, आजीजवळ बस, आणि जात्यावरची एक ओवी तिच्याकडून घे. एकच. आजीला आधी विचार, हो म्हणाली तरच. तिसरे काम: ठेक्यावर त्या ओवीचा एक चरण ठेव, आणि आपल्या शाळेविषयी, पाण्याविषयी, कपाशीच्या भावाविषयी चार ओळी स्वतःच्या लिही. चौथे काम सर्वांत महत्त्वाचे: खाली आजीचे पूर्ण नाव आणि गाव लिही.

हे नाव लिहिणे किती मोलाचे आहे, हे दाखवणारे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. गी पॉईटविन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ठेवल्या जात आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव आहे, गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या जी बाई 'कोणाची तरी आई' म्हणून गायली, ती तेथे स्वतःच्या नावाने गाते.

कायद्याचीही थोडी माहिती असू द्या. आपला लेखाधिकाराचा कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, आणि कवीच्या शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. ना. घ. देशपांडे २००० साली वारले. म्हणजे 'शीळ'च्या त्या जुन्या मुद्रणावरचा हक्क केव्हाच सरला, पण त्यातले शब्द २०६० अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचेच. एकाच तबकडीत दोन निरनिराळ्या मालक्या! 'जुने आहे, कोण विचारतो?' असे म्हणून चालत नाही. विचारणारा नसला तरी आपण विचारावे, हीच रीत.

आणि आजोबांना काय सांगायचे? सांगा, की आजोबा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तेच तेच वाजते. तुमच्या भजनातही तेच तेच वाजते. ज्या दिवशी त्या तेच तेच वाजण्यावर सांगण्यासारखे काही नसेल, त्या दिवशी तुम्ही खुशाल रागवा. पण सांगण्यासारखे असेल तर घटकाभर थांबून ऐका. आणि पोरांना सांगा, की बाळांनो, तुम्ही जो तुकडा फिरवता तो कोणाच्या तरी हातांनी एकदा वाजवलेला आहे. त्या हातांचे नाव शोधा.

मेहकरच्या त्या वकिलाने लिहिलेली कविता तीन मिनिटांच्या लाखेवर बसली आणि आज नव्वद वर्षांनंतरही कोणाकोणाच्या आठवणीत वाजते आहे. तिच्याबरोबर कवीचे नाव राहिले, गायकाचे राहिले. त्या दिवशी साथीला जे कोणी बसले असतील त्यांची नावे मात्र बहुतेकांना सांगता येणार नाहीत. तुमच्या गावातले पुढचे गाणे मुद्रित होईल तेव्हा ठेका धरणाऱ्याचे नावही आधी लिहून घ्या.